शंभर दिवसांचा राजा

मला एका जागी बसता येत नाही. लग्नाला जा, बँकेत जा, डॉक्टरकडे जा, मी उभाच. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी लागली आहे. लागली आहे हे खरं, पण ती जन्मापासूनची नाही. ती शारजात लागली, दुबईच्या मंदीच्या, म्हणजे क्रॅशच्या, पुढच्या वर्षी, आणि तिचा संबंध असिरियाच्या एका राजाशी आहे. हसायचं तर हसा. मीही पुष्कळ वर्षं हे हसण्यावारी नेलं.

तेव्हा आम्ही शारजात तिघं राहायचो. मी, बायको आणि सहावीतली लेक. हमरिया फ्री झोनमध्ये रंग आणि थिनर विकणारी एक कंपनी होती, तिथे मी ऍडमिन-कम-एचआर. म्हणजे पत्रं टाइप करायची, व्हिसाची कागदपत्रं करायची आणि शेठच्या चहात साखर किती ते लक्षात ठेवायचं. दुबईत इमारती उठत होत्या तोवर आमचे ड्रम गोदामात चार दिवससुद्धा टिकत नसत. दोन हजार आठच्या शेवटी इमारती थांबल्या. ऑर्डर रद्द, फोन बंद, ट्रक येईनात. ड्रम मात्र बोटीतून येतच राहिले, कारण ते आधीच निघालेले होते. गोदामं भरली. मग शेड नंबर तीन नावाचं एक पत्र्याचं छप्पर होतं, जिथे पूर्वी रिकामी पिंपं ठेवायचो, तिथे भरलेले ड्रम रचायला सुरुवात झाली.

गुरुवारी सकाळपासून माझं लक्ष केबिनच्या दारावर असायचं. शेठ गुरुवारी मला आत बोलवायचे आणि दोन-तीन नावं सांगायचे. मी पत्र टाइप करायचो, 'आपल्या सेवांची आता आवश्यकता नाही.' ज्याला पत्र दिलं तो माझ्याकडेच बघायचा, जणू मीच मारेकरी. अरे बाबा, मी फक्त टाइप करतो! पण हे सांगणार कोणाला? प्रिंटरमधून कागद बाहेर येताना दर वेळी वाटायचं, पुढच्या गुरुवारी यावर आपलंच नाव.

अशा दिवसांत लेकीच्या शाळेनं प्रोजेक्ट काढलं. मेसोपोटेमिया. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या वाट्याला आला असिरियाचा एक राजा. त्याचं नाव इतकं लांबलचक की माझ्या जिभेवर ते कधी बसलंच नाही. मी त्याला राजेसाहेब म्हणायचो. लेक वैतागायची. "बाबा, ही हॅज अ नेम!" मी म्हणायचो, असेल, पण मला ते घेता येत नाही, त्याला राग आला तर बघू. पाच दिरहॅमचा एकेक चार्ट पेपर, म्हणजे पासष्ट रुपये हो, असे तीन आणले आणि ते महिनाभर आमच्या हॉलमध्ये जमिनीवर पसरून होते. जेवायला बसायचं तर राजेसाहेबांना ओलांडून जावं लागे.

राजेसाहेब होते सगळ्यांत धाकटे. थोरल्या भावांना डावलून बापानं त्यांना युवराज केलं, आणि दरबारातल्या सगळ्यांना शपथ घ्यायला लावली की आम्ही याच्याशीच इमान राखू. भाऊ चिडले. बापानं धाकट्याला दूर पश्चिमेकडे पाठवून दिलं, जीव वाचावा म्हणून. मग एक दिवस त्या बापालाच त्याच्या पोरांनी ठार मारलं. धाकटा सैन्य घेऊन परत आला, दीड-दोन महिन्यांत गादीवर बसला. लेक हे सगळं इंग्रजीत मोठ्यानं वाचायची आणि मी कात्रीनं थर्माकोलचा राजवाडा कापायचो. शपथेचा भाग आला तेव्हा मला हसूच फुटलं.

कारण आमच्याकडे तेच झालं होतं. आमच्या शेठनाही दोन मुलगे. थोरला दुबईतलं दुकान बघायचा, आणि धाकट्यासाठी ही हमरियाची कंपनी. आदल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला शेठनी धाकट्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आम्हा सगळ्यांना म्हणाले, "आज से ये छोटे शेठ. इनका कहा मेरा कहा." मग एकेकानं जाऊन त्याच्या पाया पडायचं. चोवीस वर्षांचा पोरगा, कानात बाळी, हातात मोबाइल, आणि माझे केस पांढरे. पडलो मी पाया! काय करणार? घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, वाकल्यानं कंबर मोकळी झाली म्हणा." त्या दिवसापासून कंपनीच्या लायसन्सवर मॅनेजर म्हणून त्या पोराचं नाव होतं.

फेब्रुवारीत सिव्हिल डिफेन्सचा, म्हणजे तिकडच्या अग्निशमन खात्याचा, माणूस तपासणीला आला. त्याला गोदाम दाखवायला गेले आमचे स्टोअरकीपर. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. सिंधुदुर्गातले, माझ्याच वयाचे, चौदा वर्षं याच कंपनीत. सगळे त्यांना स्टोअरवाले म्हणायचे, मीही. कुठला ड्रम कुठल्या रांगेत आहे ते डोळे मिटून सांगतील, पण इंग्रजी वाचता येत नसे. ड्रमवरची खूण, रंग, झाकण यांवरून ओळखायचे. व्हिसावर धंदा 'स्टोअरकीपर' लिहिलेला, त्यामुळे बायकोला आणता येत नव्हतं. चौदा वर्षांत दर दोन वर्षांनी एक महिना गावी, एवढाच त्यांचा संसार. मुलंबाळं नव्हती. त्याविषयी कोणी विचारलं तर ते ड्रम मोजायला लागायचे.

तपासणीवाल्यानं शेड नंबर तीन पाहिली आणि कपाळाला हात लावला. पत्र्याखाली थिनर? उन्हाळ्यात इथे काय होईल कल्पना आहे? त्यानं लेखी नोटीस दिली. तीन महिन्यांत माल परवान्याच्या गोदामात हलवा, नाहीतर लायसन्सवर ज्याचं मॅनेजर म्हणून नाव आहे तो जबाबदार. मी ती नोटीस शेठपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. फाइलमध्ये नाही, खिशात. मी तेव्हाच शहाणा व्हायला हवा होतो.

त्याच आठवड्यात, बुधवारी, शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले. मी घाबरलो, कारण शेठ बस म्हणत नसत. पण पत्राचं काही निघालं नाही. छोटे शेठ जरा परदेशी जातायत, म्हणाले, शिकायला, हवापालट. "तब तक कुर्सी कौन संभालेगा? मैंने सोचा, आप से अच्छा कौन!" लायसन्सवर मॅनेजर म्हणून माझं नाव, ही केबिन, ही खुर्ची, दारावर पाटी. शनिवारी सांगा, म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मी हवेत होतो. येताना मिठाईचा डबा घेतला. बायकोनं देवापुढे ठेवला आणि लगेच तिच्या आईला फोन लावला. "मॅनेजर झाले हे!" पलीकडून सासूबाईंचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. बारा वर्षांत त्या माझ्याबद्दल एवढ्या मोठ्यानं कधी बोलल्या नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी सुट्टी. मी राजवाड्याला सोनेरी कागद चिकटवत होतो. लेक पुढचा भाग वाचत होती. राजेसाहेब सतत आजारी असायचे, म्हणाली. अंगावर पुरळ, ताप, दिवसेंदिवस अंधाऱ्या खोलीत बसून राहायचे, जेवायचे नाहीत. सगळ्याची भीती. प्रत्येक गोष्ट देवाला विचारायची. मेंढीची कलेजी बघून पुजारी उत्तर सांगायचे. मला त्या माणसाची दया आली. सहा आठवड्यांत भावांना पळवून लावणारा राजा, आणि गुरुवार आल्यासारखा घाबरतो!

मग ती म्हणाली, "बाबा, धिस पार्ट इज क्रीपी."

ग्रहण लागणार असलं आणि ते राजाच्या जिवावर आहे असं पुजाऱ्यांनी सांगितलं, की राजा खुर्ची सोडायचा. दुसऱ्याच एखाद्या साध्या माणसाला आणून गादीवर बसवायचे. त्याला मुकुट, राजाची वस्त्रं, सगळं. खरा राजा लपून राहायचा, आणि त्याला पत्रं लिहिताना लोक 'राजा' न लिहिता 'शेतकरी' लिहायचे, म्हणजे देवालासुद्धा पत्ता लागू नये. ग्रहणाचं जे काही वाईट असेल ते त्या नकली राजावर जायचं. जास्तीत जास्त शंभर दिवस. आमच्या राजेसाहेबांनी हे एकदा नव्हे, अनेकदा केलं होतं.

"आणि मग?" मी विचारलं.

"देन दे किल्ड हिम. खलास."

माझ्या हाताला सोनेरी कागद चिकटला होता. तो निघेना. मी उठलो. चपला घालून खाली गेलो आणि बिल्डिंगभोवती फिरायला लागलो. ऊन चढत होतं. पार्किंगमध्ये धूळ बसलेल्या दोन गाड्या होत्या, मालक देश सोडून गेलेले. मी किती फेऱ्या मारल्या देव जाणे. छोटे शेठ शिकायला जातायत! दोनदा नापास झालेला पोरगा! आणि ती नोटीस शेठच्या खिशात. मी, मूर्ख, मिठाई वाटत बसलो.

वर येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं देवापुढचा मिठाईचा डबा उचलून आत ठेवला. मग म्हणाली, "नाही म्हणा."

"नाही म्हटलं तर गुरुवारी पत्र. महिन्याभरात देश सोडायचा. हिची शाळा?"

"मग जाऊ परत. तुरुंगात जाण्यापेक्षा बरं."

बरोबर बोलली ती. ती कायमच बरोबर बोलते. मी मात्र दिवसभर हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून हॉलमध्ये करत राहिलो, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात एक आयडिया आली. कोणी सुचवलेली नाही. माझी स्वतःची.

शनिवारी मी शेठसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "शेठ, मैं तो ऑफिस का आदमी. तपासणीवाला गोदामाचं विचारेल, मला काय कळतं? त्यापेक्षा आपले स्टोअरवाले बघा. चौदा वर्षं झाली, गोदाम तोंडपाठ. आणि मॅनेजरचा व्हिसा झाला तर त्यांना बायको आणता येईल. जन्मभर उपकार मानतील." शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. कामाचा माणूस ओळखल्यावर माणूस जसा हसतो तसे. "यल्ला, चलो, पेपर बनाओ," म्हणाले. त्या गुरुवारी मला पत्र आलं नाही. त्यानंतरही कधी आलं नाही.

स्टोअरवाल्यांना सांगायला मी स्वतः गेलो. ते रांगेत उभे राहून झाकणं तपासत होते.

"मस्करी करतास काय सायबानू? माका इंग्लिश वाचूक येना नाय."

म्हटलं, वाचायचं काय त्यात, फक्त कागदावर आहे. आणि व्हिसावर मॅनेजर आलं की बायकोचा व्हिसा निघतो, मी करून देतो.

त्यांच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "बायको येतली म्हणतास? हंय?"

"इथे. इन्शाल्ला पुढच्या महिन्यात."

त्यांनी झाकण परत ड्रमवर बसवलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "काय लफडा नाय मां?"

इथे मला थांबायला हवं. कारण याच जागी सगळं होतं. माझ्यासमोर एक माणूस उभा होता आणि त्यानं मला सरळ विचारलं होतं. नोटीस मी वाचलेली होती, त्यांनी नाही. राजेसाहेबांची गोष्ट मला ठाऊक होती, त्यांना नाही. मी म्हणालो, "छे हो! कसलं लफडं? फक्त कागदावर."

फॉर्मवर जिथे जिथे सही हवी तिथे मी बोट ठेवत गेलो. इथे, इथे, आणि इथे. त्यांनी माझ्या बोटाशेजारी मराठीत सही केली, प्रत्येक अक्षर कोरून. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या गोदामात मालवणी खाजं वाटलं.

त्यांची बायको एप्रिलमध्ये आली. कंपनीनं त्यांना एक खोली दिली, पगार कागदावर वाढवला. स्टोअरवाले एकदम बदलले. इस्त्रीचा शर्ट, अंगाला पावडर, आणि पाच वाजले की लगबगीनं बसकडे. केबिनमध्ये बसायला मात्र लाजायचे. खुर्चीच्या कडेवर टेकायचे, जसं कोणी पाहुण्याच्या घरी टेकतं. शेठ त्यांना "मॅनेजरसाब" म्हणायचे आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. ते डोळे मला जेवताना दिसायचे.

मी काहीच केलं नाही असं नाही. दर आठवड्याला शेठना आठवण करायचो, शेड तीनचं बघा. "हबीबी, टेन्शन मत लो. माल बिकेगा, इन्शाल्ला." गिऱ्हाईक कुठे होतं? जबल अलीला एक गोदाम भाड्यानं मिळत होतं, मी कोटेशन आणलं, ते टेबलावर पडून राहिलं. मग मी आठवण करणंही कमी केलं. त्या शेडवरून जाताना पाय आपोआप भरभर पडायचे.

मे महिन्यात एका शुक्रवारी माझ्या बायकोनं त्या दोघांना जेवायला बोलावलं. नको म्हणायला मला काही कारण सुचेना. ती बाई कोकमं आणि स्वतः दळलेला मसाला घेऊन आली. आमच्या स्वयंपाकघरात शिरून तिनं घावणे घातले, आणि माझ्या बायकोशी अशी बोलायला लागली जशी वर्षानुवर्षांची शेजारीण. हसरी बाई. नवरा बोलला की पदर तोंडाला लावून हसायची, चाळिशीच्या घरातली बाई, नव्या नवरीसारखी. एवढं सुख बघून कोणालाही बरं वाटलं असतं. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

जेवणानंतर लेकीनं तिला प्रोजेक्ट दाखवलं. शाळेतल्या बाईंनी 'ए' दिला होता आणि चार्ट आता भिंतीवर होता. लेक मराठीत सांगायला लागली की अर्धं इंग्रजी येतं, तरी त्या बाईला सगळं समजत होतं. हा खरा राजा, हा लपलेला, आणि हा नकली, फेक किंग. याला शंभर दिवस खुर्ची आणि मग खलास.

ती चित्राकडे बघत होती. लेकीनं नकली राजाच्या शेजारी एक बाई काढली होती, डोक्यावर छोटा मुकुट.

"ही कोण गो?"

"ही क्वीन. त्याला एक क्वीनपण द्यायचे ना, म्हणजे खरा वाटेल."

"मगे तेच्या बायलेचा काय झाला?"

लेक म्हणाली, "तिलापण."

मी ओरडलोच, "अगं चहा टाका कोणीतरी! बडबड पुरे!" माझा आवाज एवढा चढला की सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बायकोनं एक क्षण माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, मग स्टोअरवाल्यांकडे. लायसन्सवर शेवटी कोणाचं नाव गेलं हे मी तिला सांगितलं नव्हतं. नवीन माणूस ठेवला म्हणालो होतो. तिला त्या क्षणी कळलं. तिनं चहा केला, पाहुण्यांना खाली बसस्टॉपपर्यंत सोडून आली, आणि नंतर तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "उद्या जाऊन त्यांना सांगा." मी हो म्हणालो. उद्या सांगतो. मग रविवारी सांगतो. मग तपासणी होऊन जाऊ दे, मग सांगतो.

जुलैत भर दुपारी शेड नंबर तीन पेटली.

मी ऑफिसात होतो. आधी काचा हलल्या, मग काळा धूर. सगळे बाहेर धावलो. स्टोअरवाले त्या केबिनमधून निघाले ते थेट शेडकडे गेले. आत दोन कामगार होते. दोघांना त्यांनी ओढून बाहेर काढलं, दोघांचे हात भाजले होते, त्यांच्या स्वतःच्या भुवया जळाल्या. जीव कोणाचा गेला नाही. बंब आले, पोलीस आले. अधिकाऱ्यानं लायसन्सची प्रत मागितली. ती फाइल माझ्याकडेच असायची. मी आणून दिली. त्यानं नाव वाचलं आणि विचारलं, हा कोण? स्टोअरवाले माझ्या शेजारीच उभे होते, अंगभर काजळी. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

शेठ त्या आठवड्यात मुंबईला होते, तब्येतीच्या कारणानं. तिकडून फोन आला, वकील देतो. वकील दिलाही. सिव्हिल डिफेन्सनं आपल्याकडची नोटीस दाखवली, मुदत संपून दोन महिने झाले होते. स्टोअरवाल्यांना आधी कोठडी आणि मग शिक्षा झाली. माझी साक्ष झाली. लायसन्सवर कोणाचं नाव आहे, एवढंच विचारलं. मी खरं तेच सांगितलं.

स्टोअरवाल्यांच्या बायकोला परत जावं लागलं. मी आणि माझी बायको तिला विमानतळावर सोडायला गेलो. ती रडली नाही. फक्त एक विचारलं, "थंय जेवान येळार दितत मां?" मी म्हणालो, देतात. माझी बायको तिला मिठी मारून एवढी रडली की लोक बघत होते, आणि परतताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली नाही, मागे बसली. आमच्यात त्या मागच्या सीटचं काहीतरी अजून शिल्लक आहे.

लेकीच्या चार्टवर शेवटचा चौकोन होता राजेसाहेबांनंतरचा. त्यांनीही बापाचंच केलं. धाकट्याला मोठी गादी, थोरल्याला दुसरं शहर, आणि साऱ्या राज्याला शपथ. इजिप्तच्या स्वारीवर जाताना वाटेतच आजारपणानं गेले. धाकटा आरामात गादीवर बसला. पुढे काही वर्षांनी दोघे भाऊ एकमेकांवर तुटून पडले, ते वेगळं. आमच्याकडे वर्ष-दीड वर्षानं छोटे शेठ परत आले. बाळी गेली होती, दाढी आली होती. लायसन्सवर त्यांचं नाव परत घालायचे कागद मी टाइप केले. पाटी बदलली. खुर्ची तीच होती.

त्याच सुमारास स्टोअरवाल्यांची शिक्षा संपली. त्यांना थेट तुरुंगातूनच भारतात पाठवणार होते, पुन्हा यायला बंदी. तिकीट आणि कपड्यांची बॅग नेऊन द्यायचं काम माझं. छोट्या शेठनी एक कागदही दिला, यावर सही आणा. मला दहा मिनिटं मिळाली. एका टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही. भुवया परत आल्या होत्या, पण पांढऱ्या. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"तीन म्हयने संसार केलंय सायबानू. तुमच्यामुळे."

टोमणा असता तर मला झेपला असता. टोमणा नव्हता. मी सांगणार होतो, खरंच, सगळं सांगणार होतो. पण दहा मिनिटांतली चार गेली होती आणि समोर कागद होता. मी सवयीनं बोट ठेवलं. "इथे."

त्यांनी पेन घेतलं नाही.

"आदी वाचून दाखवा."

मी वाचायला लागलो, एकेक ओळ मराठीत सांगत. माझे सर्व हिशेब पूर्ण झाले आहेत. मी स्वखुशीनं जात आहे. कंपनी, तिचे मालक किंवा कोणताही कर्मचारी, यांच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही.

"कर्मचारी म्हणजे?"

"म्हणजे... कंपनीत काम करणारे."

"तुमी इलात त्यात?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. चौदा वर्षं ड्रमचं झाकण बघून आत काय ते ओळखणारा माणूस होता तो. मग त्यांनी शांतपणे पेन माझ्या पुढ्यात सरकवलं.

"तेवढा काडा. मगे सही करतंय."

मी 'कोणताही कर्मचारी' हे शब्द माझ्या हातानं खोडले आणि शेजारी माझी छोटी सही केली, नियमच आहे तसा. मग त्यांनी सही केली, प्रत्येक अक्षर कोरून. उठले, बॅग उचलली, "येतंय हां," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी छोट्या शेठनी कागद उजेडात धरला. "ये क्या काटा है?"

"टायपिंग की गलती थी, सर," मी उभ्यानंच म्हणालो.